नवी दोरी



रोहिण्या लागून चार दिवस झाले. वखरणी आटोपली, मागच्या सालच्या पऱ्हाट्या वेचून झाल्या, शेणखत पसरून झालं. बियाणं घरात येऊन पडलं. आता निस्तं वर पाहणं राहिलं. या रिकाम्या दिवसांत मी दरवर्षी घरातले सगळे दोर काढून पाहतो. कासरा कुठं झिजला, विहिरीचा दोर कुठं उसवला, बाजेची अदवान किती सैल झाली. मिरगात हात मोकळा नसतो, म्हणून हे आताच.

यंदा त्यात एक दोरी जास्तीची आहे. आमच्या धाकटीच्या धनुष्याची. तिच्याबद्दलच लिहितो. त्यात माझी एक चूक आहे, तीबी लिहितो, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या हातून होणार नाही.

धाकटी आता दहावीत जाईल. तीन वर्षांपासून ती तिरंदाजी करते. बांबूच्या धनुष्याची. या प्रकाराला इंडियन राउंड म्हणतात. त्यात ऑलिम्पिकमधल्यासारखं धनुष्य नसते, त्याला तर लाखाच्या घरात पैसे लागतात. हे साधं बांबूचं, आपल्या भिल्लांच्या तीरकामठ्याच्या जातीचं. मोठी पोरं 50 मीटरवरबी मारतात, आमची अजून 30 मीटरवरच आहे. अमरावती आमच्यापासून ५० किलोमीटरच्या आतबाहेर, अन् अमरावतीत खेळाचं वातावरण जुनं. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चं. साताऱ्याकडच्या सरडे गावचा प्रवीण जाधव, मजुराचा पोरगा, टोकियो ऑलिम्पिकला गेला, त्याचाही सराव अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीत झालेला. आपल्या नागपूरचा ओजस देवतळे 2023 मध्ये बर्लिनला जगज्जेता झाला. हे ऐकून ऐकून पोरीनं धनुष्य धरलं. मी म्हटलं, धर.

शेतात खळ्याच्या बाजूला तिला जागा करून दिली. सोयाबीनचं कुटार पोत्यात ठासून भरलं, तीन पोती एकावर एक बांधली, झालं निशाण. मागे उंच धुरा आहे, त्यामुळे चुकलेला तीर दूर जात नाही. तीर मारायच्या वेळी त्या बाजूला माणूस नाही, ढोर नाही, हा नियम घरात सगळ्यांना पाठ आहे.

आता चुकीचं सांगतो.

मागच्या साली सोयाबीनची सोंगणी चालू होती. अमरावतीला शाळांच्या स्पर्धा होत्या, दोन दिवस बाकी. पोरगी संध्याकाळी घरी आली अन् म्हणे, "बाबा, दोरी उसवली. दोन पदर तुटले."

बाजारात तयार दोरी घ्यायला जायचं तर अमरावती. मजूर लागलेले, आभाळ आलेलं, गंजी झाकायची होती. मी म्हटलं, कायले जायचं? दोर वळण्यात आमचा जन्म गेला. अंबाडीचे दोर मी दहा वर्षांचा होतो तेव्हापासून वळतो. तिच्या सरांनी दिलेली डॅक्रॉनच्या धाग्याची रीळ घरात होतीच. जुन्या दोरीचं माप घेतलं. धनुष्य 66 इंच, दोरी 63. दुसऱ्या दिवशी सोंगणीतून आल्यावर, जेवण झाल्यावर, गोठ्यातल्या दोन खांबांना खिळे ठोकले, त्यांच्याभोवती धागा फिरवून 10 पदर केले. दोन्ही टोकांच्या कड्यांवर अन् मध्ये जिथं तीर बसतो तिथं वरून दोरा गुंडाळला. मेण चोळलं. रात्रीचे दीड वाजले. दोरी चढवून पाहिली, माप बरोबर आलं. मीच मले शाबासकी दिली.

सकाळी आठ-दहा तीर तिनं घाईघाईत मारले, ते बरोबर लागले. आम्ही चांदूरमार्गे एसटीनं अमरावतीला गेलो.

मैदानावर पहिले सहा तीर चांगले गेले. मग काय झालं कोणास ठाऊक. एक वर, एक डावीकडे, एक पार निशाणाच्या बाहेर. दोरी तिच्या डाव्या हाताला लागू लागली. मनगटापाशी चामड्याची पट्टी होती, पण दोरी त्याच्या वर, कोपराजवळ लागत होती. मी दोरीच्या कुंपणाबाहेर उभा. मले एवढंच दिसत होतं की पोरगी दर तिराला उभं राहायची पद्धत बदलते आहे. कधी खांदा वर, कधी मान वाकडी. तिची निवड झाली नाही. थोडक्यात नाही, चांगलीच मागे राहिली.

परत येताना एसटीत मी तिला बोललो. जे बोललो ते लिहितो, लपवत नाही. म्हटलं, "सोंगणीचे मजूर सोडून आलो तुह्यासाठी. रातभर जागलो. अन् तुहं तिथं लक्षच नव्हतं."

ती काही बोलली नाही. खिडकीतून बाहेर पाहत राहिली. धामणगावला उतरताना तिनं बाही खाली ओढली. कोपराजवळ काळंनिळं झालं होतं, ते मले घरी आल्यावर तिच्या आईनं दाखवलं.

धनुष्य गोठ्यातल्या खुंटीला लटकलं ते पंधरा दिवस तिथंच. आमच्या इकडं कौंडण्यपूर जवळ आहे, रुक्मिणीचं माहेर. तिच्या भावाकडे, रुक्मीकडे, विजय नावाचं मोठं धनुष्य होतं असं महाभारतात आहे. पण भारी युद्धात ना पांडवांनी त्याला घेतलं ना कौरवांनी. लहानपणी कीर्तनात ऐकलेलं. गोठ्यात धार काढताना खुंटीवरचं धनुष्य दिसलं की तेच आठवायचं. पण तेव्हाही मले वाटत होतं की पोरीचंच मन उडालं.

मग एक दिवस कापसाचे पैसे घ्यायला अमरावतीला जाणं झालं, तर धनुष्य सोबत नेलं. सरांना म्हटलं, पाहा जरा, पोरगी हात लावत नाही. सरांनी धनुष्य चढवलं, खिशातून पट्टी काढली, मुठीपासून दोरीपर्यंतचं अंतर मोजलं. सहा इंचाला कमी. पाहिजे होतं सात.

"काका, ही दोरी कधी चढवली होती?"

"स्पर्धेच्या आदल्या रात्री."

सर थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "नवी दोरी ताणते काका. तिला बसू द्यावं लागते. तुमच्या पोरीच्या हातात काही खोट नव्हती. ती दोरी दर तिराला लांब होत होती."

मंडळी, मी शेतकरी माणूस. नवा कासरा पहिल्या आठवड्यात लांबतो हे मले माहीत. नवी बाज विणली की आठ दिवसांत मध्ये झोळी पडते, मग अदवान आवळावी लागते, हे माहीत. मोटरपंपाला नवा पट्टा टाकला की दोन दिवसांनी पुन्हा ताण द्यावा लागते, हेबी माहीत. आमच्या लहानपणी दिवाळीनंतर गाद्या पिंजायला पिंजारी यायचा. त्याच्या त्या लांब धनुकलीला आतड्याची तात असायची. नवी तात लावली की तो लगेच कापसाला भिडत नसे. आधी निस्तं लाकडी मुठळ्यानं हळू हळू टणटण वाजवायचा, कान लावायचा, सैल झाली की आवळायचा, पुन्हा वाजवायचा. आम्ही पोरं तो आवाज ऐकायलाच बसत होतो. हे सगळं माहीत असून मी रात्री दीड वाजता केलेली दोरी सकाळी पोरीच्या हातात दिली, अन् दोरीचा दोष पोरीच्या माथी मारला.

त्यात अजून एक चूक होती, ती सरांनी दाखवली. माझे दहाही पदर सारख्या ताणाचे नव्हते. धागा खिळ्यांभोवती फिरवताना झोपेच्या भरात काही पदर घट्ट, काही ढिले राहिले. मग सगळा जोर घट्ट पदरांवर येतो, ते आधी ताणतात, मग ढिल्यांवर भार येतो. जोडीतल्या एकाच बैलानं ओढल्यासारखं. अशी दोरी जास्तच लांबते अन् तुटते बी लवकर.

अंतर कमी झालं की काय होते तेही सांगतो. दोरी धनुष्याच्या जास्त जवळ येते, मग सुटल्यावर ती हाताला लागते. तीर दोरीला जास्त वेळ चिकटून राहतो, त्यामुळे बोटांची थोडीशी चूकही तिरात उतरते. धनुष्याचा आवाजही बदलतो, फटकन वाजते. अन् मध्ये जो दोऱ्याचा गाठीसारखा खूण-गुंडाळा असतो, ज्याच्या खाली तीर बसवायचा, तो मी नव्या दोरीवर पक्का बांधून टाकला होता. दोरी ताणताना तोही सरकला. मग नेम कशाचा धरायचा?

सरांकडून घरी आलो तो सगळ्या रस्त्यानं विचार करत होतो की पोरीला कसं सांगावं. बापाला चूक झाली म्हणणं जड जाते. चार दिवस तसेच गेले. मग तुरीत फवारणी चालू असताना ती डबा घेऊन आली. मी पंप खाली ठेवला अन् सांगून टाकलं. म्हटलं, "बाई, ते तुहं चुकलं नव्हतं. दोरी मीच कच्ची दिली होती."

ती म्हणाली, "मले माहीत होतं बाबा."

"माहीत होतं? मग तिथं बोलली काऊन नाही? सर होते, जुनी दुसरी दोरी मागता आली असती कोणाची."

तर म्हणे, "तुमी रातभर जागून केली होती ना."

मंडळी, मले त्यावर काही सुचलं नाही. मी पंप पाठीवर घेतला अन् दुसऱ्या तासात शिरलो.

त्या दिवशी घरी एक ठरलं. जो तीर मारतो तोच दोरी मोजेल. अन् दोरीत खोट दिसली तर ती कोणी केली हे न पाहता बोलून दाखवायचं. बापानं केली असली तरी.

आता यंदाची दोरी. शाळा सुरू व्हायला अजून वेळ आहे, म्हणून आताच केली. या वेळी दिवसा, डोळे उघडे ठेवून. एक एक पदर बोटानं छेडून पाहिला, सगळ्यांचा ताण सारखा होईपर्यंत. दोरी केली मी, पण चढवली, मोजली अन् वहीत लिहिली तिनं. माप सुताच्या सुतात घेतलं, म्हणजे इंचाचा आठवा भाग. तिची वही समोर ठेवून लिहितो आहे.

पहिला दिवस. दोरी चढवली, अंतर 7 इंच. तीर मारला नाही. अर्धा तास तशीच चढवून ठेवली. मोजलं तर 2 सूत कमी. उतरवून दोरीला 6 पीळ दिले. पीळ दिला की दोरी आखूड होते अन् अंतर वाढते. पुन्हा 7.

दुसरा दिवस. पाच मीटरवरून 20 तीर, अर्धीच ओढ. पुन्हा 2 सूत कमी. पुन्हा 6 पीळ.

तिसरा दिवस. दहा मीटरवरून 36 तीर, पूर्ण ओढ. 1 सूत कमी. 3 पीळ. मेण पुन्हा चोळलं.

चौथा दिवस. 36 तीर. अर्धा सूत. 1 पीळ.

पाचवा दिवस. 36 तीर. फरक नाही.

सहावा दिवस. 36 तीर. फरक नाही.

सहा दिवसांत 164 तीर झाले. सहाव्या दिवशी तिनं पट्टी लावली, दोनदा मोजलं अन् म्हणाली, "बसली." मग कुठं तीर बसवायची खूण बांधली, काटकोनाच्या 3 सूत वर. आधी नाही.

ज्यांच्या घरी पोरं हा खेळ खेळतात त्यांच्यासाठी चार गोष्टी सरांकडून अन् अनुभवातून:

मोजायला पट्टी नसेल तर मूठ वळून अंगठा उभा करा, मूठ धनुष्याच्या मुठीवर टेका, अंगठ्याचं टोक दोरीजवळ आलं पाहिजे. मोठ्या माणसाच्या हाताला हे साधारण बरोबर येते. पण पोराचा हात लहान, त्यामुळे पोरांसाठी पट्टीच चांगली. प्रत्येक धनुष्याचं अंतर वेगळं असते, आमचं 7 आहे म्हणून तुमचंही 7 असं नाही. जुन्या बसलेल्या दोरीवर जे माप होतं ते लिहून ठेवा.

दोरी लवकर ताणावी म्हणून रिकामं धनुष्य ओढून सोडू नका. तीर नसला की सगळा झटका बांबूवर येतो, चिरा जातो. अन् रातभर चढवूनही ठेवू नका, बांबू वाकलेलाच राहतो अन् त्याचा जोर जातो.

बांबूच्या साध्या धनुष्याला डॅक्रॉन बरी. ती थोडी ताणते म्हणून झटका पचवते. नव्या जातीचे जे धागे अजिबात ताणत नाहीत ते असल्या धनुष्याला कडक पडतात. दोरीत ताण असणं ही खोट नाही, तो ताण आधी निघून जाऊ द्यायचा एवढंच.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात सराव पहाटे. दुपारी 44-45 डिग्रीत मेण मऊ पडते अन् वावरातली धूळ त्याला चिकटते. धूळ पदरात शिरली की आतून कापते. मेण चोळल्यावर कागदानं घासून घ्या, गरम होऊन ते आत उतरते, वर चिकटत नाही.

काल सकाळी साडेपाचला आम्ही दोघं शेतात गेलो. तिनं 30 मीटरवरून 12 तीर मारले. किती लागले ते तिनं वहीत लिहिलं, मी इथं लिहीत नाही, कारण तिनं मना केलं. एवढं सांगतो की दोरी हाताला एकदाही लागली नाही. बारावा तीर काढून आणताना ती धुऱ्याजवळ थांबली अन् म्हणाली, "बाबा, जुनी दोरी फेकू नका. ती मी ठेवली."

मी विचारलं, "ते कच्चीवाली? कायले?"

तर म्हणे, "आता ती बसली आहे. सहा इंचावर आली होती ना, तिला पीळ देऊन मी सातवर आणली. राखीव म्हणून चालते. सरांनी पाहिली, दोन पदर ढिले आहेत, पण सरावाला चालते म्हणे."

म्हणजे माझी रात्री दीडची दोरी बी वाया गेली नाही. तिला फक्त वेळ पाहिजे होता, तो मी दिला नव्हता.

पश्चिमेकडं काल संध्याकाळी ढग दिसले. गावात दोघा-चौघांनी विचारलं, पहिला पाऊस आला की टाकायची का पेरणी? कृषीवाले दरवर्षी सांगतात, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. दोन वर्षांपूर्वी मी ऐकलं नाही अन् दुबार पेरणी करावी लागली. यंदा मी थांबणार आहे. पाऊस पडला की पावसाचं मापबी धाकटीच्याच वहीत लिहीन, दोरीच्या मापाच्या खाली. जागा आहे अजून त्या पानावर.